जुन्या जीपची बॉडी: दुरुस्त करावी, अर्धी बदलावी की नवीच बसवावी?

जुनी जीप हाती आली की इंजिनाची फारशी चिंता नसते. इंजिन उतरवता येतं, बोअर करता येतं, सुटे भाग मिळतात आणि ते काम जाणणारा मिस्त्री नाशिकमध्ये शोधला की सापडतो. खरी अडचण पत्र्याची. एक गॅरेजवाला सांगतो, "लांबी (पत्र्यावर भरायची पुट्टी) भरून रंग मारून देतो, आठ दिवसांत घेऊन जा." दुसरा म्हणतो, "हिच्यात काही राहिलं नाही, हरियाणातल्या डबवालीहून नवी बॉडी मागवा." दोघांनीही गाडीखाली वाकून पाहिलेलं नसतं. पहिल्याचं ऐकलं तर दोन पावसाळ्यांत रंग फुगतो. दुसऱ्याचं ऐकलं तर इतकी वर्षं टिकलेला चांगला पत्रा भंगाराच्या भावात जातो.

हा निर्णय मालकानं स्वतः घ्यायला हवा, आणि तो घेता येतो. त्यासाठी पत्र्याचं काम हातात असावं लागत नाही. एक मोकळा रविवार, हातोडी, खडू आणि गाडीखाली आडवं व्हायची तयारी एवढं पुरतं. एक गोष्ट मात्र शेवटपर्यंत डोक्यात ठेवायची: पत्रा किती सडला यापेक्षा तो कुठे सडला याला महत्त्व आहे. बाजूच्या पॅनेलला तळहाताएवढं भोक पडलेली जीप वाचवणं सोपं आहे. फ्लोअरला खालून आधार देणाऱ्या आडव्या चॅनलला बोटाएवढं भोक पडलेली जीप अवघड.

मी इथे मुख्यतः महिंद्राच्या जुन्या जीप धरून लिहितोय. सीजे-३बी, तिच्या मागोमागची सीजे मॉडेल्स, ऐंशीच्या दशकातली डिझेलची एमएम ५४०. मारुती जिप्सीलाही यातलं बरंचसं लागू पडतं, कारण तिथेही चेसिस वेगळी आणि तिच्यावर बोल्टनं कसलेली बॉडी वेगळी. या रचनेमुळेच आपल्याला निवड करता येते. आजच्या बहुतेक मोटारींत बॉडीच चेसिस असते, तिथे बॉडी गेली म्हणजे गाडीच गेली.

आधी आरसी, मग पत्रा

पत्र्याला ग्राइंडर लावण्याआधी आरसीवरचा चेसिस नंबर आणि गाडीवरचा नंबर ताडून पाहा. नंबर चेसिसवर ठोकलेला असतो, बॉडीवर असते ती फक्त पट्टी. तार ब्रशनं हळू साफ करा, कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घ्या आणि फोटो काढून ठेवा. नंबर गंजानं खाल्लेला असेल तर तो स्वतः पुन्हा ठोकायचा नाही, नाशिकच्या पेठ रोडवरच्या आरटीओत जाऊन रीतसर परवानगीनंच ते काम करायचं. आणि गॅरेजमध्ये गाडी सोडताना त्या जागेवर टेप चिकटवून, कामगाराला बोट दाखवून सांगायचं की इथे चकती लावायची नाही.

नोंदणीची मुदतही पाहा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी आणि पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरणाला जाते, सोबत पर्यावरण कर असतो, आणि त्या वेळी गाडी तपासणीला उभी करावी लागते. बॉडी उतरवलेली असताना मुदत संपली तर पंचाईत होते. आधी नूतनीकरण, मग काम, हा क्रम बरा.

आता बॉडीच्या निर्णयावर थेट परिणाम करणाऱ्या तीन गोष्टी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे ठामपणे सांगितलं. त्यामुळे नवी बॉडी बसवायचीच झाली तर ती त्याच मॉडेलची, त्याच घडणीची असावी. लांबी वाढवलेली, मागून कापलेली, चार दारांची अशी 'मॉडिफाय' बॉडी दिसायला कितीही देखणी असली तरी पुढच्या नूतनीकरणाला ती अडणार.

दुसरी गोष्ट ५० वर्षांहून जुन्या गाड्यांची. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी अशा गाड्यांना व्हिंटेज नोंदणीची सोय दिली आहे. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंतरच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी आणि चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिन यांत फेरफार झालेला नसावा. ही नोंदणी घेतलेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं अशाच कामांना ती रस्त्यावर आणता येते. साठच्या दशकातली सीजे-३बी तुमच्याकडे असेल आणि पुढे कधी व्हिंटेज नोंदणीचा विचार असेल, तर मूळ बॉडी टाकून देण्याआधी दहा वेळा विचार करा.

तिसरी गोष्ट रंगाची. लष्करी हिरवा, म्हणजे ऑलिव्ह ग्रीन, संरक्षण खात्याशिवाय कुणालाही गाडीला मारता येत नाही. हा रंग डोळ्यांसमोर ठेवूनच कित्येक जण जीप घेतात, म्हणून आधीच सांगून ठेवलं. दुसरा कुठला रंग घेतलात तरी आरसीवर त्याची नोंद करून घ्या.

गाडी कुठे राबली ते विचारा

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न फार कामाचा आहे. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, निफाड-सिन्नर-येवल्याकडे त्याच्या जेमतेम पाचव्या-सहाव्या हिश्शाइतका. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला राहिलेल्या जीपचा पत्रा वरून खाली सडतो. हुडातून (कापडी छतातून) गळणारं पाणी काचेच्या चौकटीच्या बुडाशी साचतं, तिथून काऊल (काचेखालचा आडवा पत्रा) आणि फायरवॉल (इंजिन आणि बसायची जागा यांमधला पत्रा) यांच्या कोपऱ्यात उतरतं, मग पायाखालचा फ्लोअर जातो. चार महिने मॅटखाली ओल राहते, आणि मॅट उचलून कुणी पाहत नाही.

निफाड-पिंपळगाव-दिंडोरीकडच्या जीपची तऱ्हा वेगळी. तिथे पाऊस कमी, पण गाडीनं खतं आणि फवारणीची औषधं वाहिलेली असतात. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. हे मीठच आहे, ते हवेतली ओल ओढून घेतं आणि पत्र्याच्या सांध्यात जाऊन बसतं. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद लागतो. मोरचुदाच्या पाण्यात लोखंडी खिळा टाकला की त्यावर तांबं चढतं आणि खिळा झिजतो, हे शाळेच्या प्रयोगशाळेत आपण सगळ्यांनी पाहिलंय. मागच्या हौद्यात पिंपातून सांडलेला मोरचूद तेच करतो. अशा गाड्यांचा पुढचा भाग खणखणीत असतो आणि मागचा फ्लोअर बोटानं दाबला की खाली जातो. त्यात काळ्या मातीचा चिखल चाकाच्या कमानीत आतून थापलेला असतो. ही माती पाणी धरून ठेवते, वरून वाळलेली दिसली तरी आत ओलीच असते.

लष्कराच्या लिलावातून आलेल्या जीपही इकडे भेटतात. त्यांच्यावर रंगाचे इतके थर असतात की पत्र्याची खरी स्थिती बाहेरून समजतच नाही, शिवाय जागोजागी ब्रॅकेटसाठी पाडलेली भोकं असतात. ही भोकं बुजवणं किरकोळ काम आहे, त्यांना घाबरून बॉडी नाकारू नका.

धुणं, वाळवणं, उघडणं

गाडी खालून प्रेशरनं धुऊन घ्या. दोन दिवस उन्हात उभी करा, कारण ओल्या पत्र्याचा आवाज फसवतो. मग सीट, मॅट, मागची बाकं, हत्यारपेटीचं झाकण असं जे सहज निघतं ते सगळं काढा. काही जीपना इंधनाची टाकी सीटखालच्या खोलगट भागात असते. ती टाकी काढल्याशिवाय तिथला पत्रा दिसणारच नाही, आणि माझ्या अनुभवात तो सर्वात वाईट सापडतो. टाकी काढून गॅरेजच्या बाहेर, लांब ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते, आतली वाफ ठिणगीची वाट पाहत असते. बॅटरीही काढून ठेवा. बॅटरीच्या तबकाभोवतीचा पत्रा ॲसिडनं खाल्लेला असतो, तिथे खायच्या सोड्याचं पाणी ओतून फेस थांबेपर्यंत धुवा. नाहीतर नवा तुकडा जोडूनही ॲसिड पुन्हा आपलं काम सुरू करेल.

आता हातोडी. पाव-अर्धा किलोची छोटी हातोडी घ्या आणि दर दोन-तीन इंचावर हलके टोले देत चला. चांगला पत्रा वाजतो. सडलेला किंवा लांबी भरलेला पत्रा बद्द आवाज देतो, आणि एकदा कान तयार झाला की फरक चुकत नाही. सातपूरला एक वयस्कर मिस्त्री आहेत, त्यांना मी मामा म्हणतो. ते टोला मारताना दुसरा हात पत्र्याच्या मागच्या बाजूला सपाट धरतात. मी विचारलं, "मामा, हात कशाला?" तर म्हणाले, "आवाज गाडीखाली घुमतो, हात खोटं बोलत नाही. पत्रा थरथरला पाहिजे." तेव्हापासून मीही तसंच करतो. लांबीचा जाड थर असेल तिथे हाताला काहीच लागत नाही.

पातळ चुंबकही सोबत ठेवा, फ्रिजला चिकटवायचा असतो तसला. पत्र्यावर तो घट्ट बसतो, लांबीवर घसरतो. कपड्यात गुंडाळून फिरवा म्हणजे रंगाला ओरखडे जाणार नाहीत. चुंबक घसरला तिथे लगेच घाबरायचं कारण नाही. पोचा काढून वर दीड-दोन मिलिमीटर लांबी असणं हे रीतसर कामच आहे. घसरणारा भाग चाकाच्या कमानीच्या कडेला, खालच्या काठाला किंवा सांध्यावर असेल तर मात्र खाली काय आहे ते उकरून पाहा. त्र्यंबककडून आलेल्या एका जीपच्या मागच्या कोपऱ्यावरची लांबी आम्ही खरवडली, तर खाली तेलाच्या डब्याचा पत्रा पॉप रिव्हेटनं ठोकलेला निघाला, त्यावरची पिवळी छपाई अजून वाचता येत होती. तो काढल्यावर आत मूळ पत्र्याची कड दिसली, पापडासारखी थराथरांनी सुटलेली. बाहेरून तो कोपरा गाडीतला सगळ्यात गुळगुळीत भाग होता.

शेवटी टोकदार पोगर किंवा जुना स्क्रू ड्रायव्हर. फ्लोअर, चॅनल आणि सांध्यांवर तो अंगचं वजन देऊन टेकवा, ठोकू नका. आत गेला तर तो पत्रा गेलेलाच होता, तुम्ही काही बिघडवलं नाही.

खडूनं नकाशा काढा

तीन रंगांचे खडू घ्या. पांढऱ्यानं चांगला पत्रा, पिवळ्यानं वरवरचा गंज, लालानं आरपार सडलेलं. थेट गाडीवर रेघा ओढा आणि मग फोटो काढा, वरून, खालून, चाकांच्या आतून. लाल रेघ दिसणाऱ्या भोकाच्या कडेला ओढू नका. कापायला गेल्यावर चकचकीत पत्रा लागेपर्यंत चार-पाच सेंटीमीटर सहज जातात, तेवढी बाहेर ओढा. हा नकाशा पुढे मिस्त्रीशी बोलताना उपयोगी पडतो, आणि तोच तुमचा निर्णयही आहे.

नकाशात लाल कुठे आलं ते पाहायचं.

बाजूची पॅनेल, मागचे कोपरे, चाकाच्या कमानी, हत्यारपेटी, फ्लोअरचा मधला सपाट भाग: ही नुसती कातडी. यांच्यावर गाडीचा भार नाही. यातलं कितीही लाल असलं तरी तुकडा कापून तुकडा जोडता येतो. जीपचा बराचसा पत्रा सपाट किंवा एकाच दिशेला वळलेला आहे, ही मोठी सोय. सीजे-३बीची मागची बाजू बनवायला प्रेसची गरज नसते, बेंडिंग मशिन आणि चांगला हात असला की भागतं.

फ्लोअरखालच्या आडव्या चॅनल, चेसिसला बोल्ट लागतात त्या जागा, फायरवॉलचा खालचा काठ, दाराच्या उघडीपाशी बाजू आणि फ्लोअर मिळतात तो कोपरा, सीट आणि सीटबेल्ट कसतात त्या जागा: या बॉडीला आकार देतात. यांतल्या एक-दोन जागा लाल असतील तर दुरुस्ती होते, पण ती नुसत्या डेंटरचं काम नाही, फॅब्रिकेशन जाणणारा माणूस लागतो. दोन्ही बाजूंच्या चॅनल आणि फायरवॉल एकदम गेले असतील तर नवा पत्रा जोडायचा कशाला, हा प्रश्न उरतो. जोडकामाला कडेला पुरेशा जाडीचा निरोगी पत्रा लागतो. तो नसेल तर वेल्डिंगचा टाका भोकच पाडत जातो.

तिसरी जात सांध्यांची. दोन पत्रे एकावर एक ठेवून स्पॉट वेल्ड केलेल्या जागी आत गंज धरला की तो फुगतो. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून पत्रे एकमेकांपासून उचकटतात आणि सांधा लाटेसारखा दिसतो. सांध्याला बाहेरून सीलंट मारून हे थांबत नाही. स्पॉट उघडून, दोन्ही पत्रे साफ करून पुन्हा जोडावे लागतात. लाटा थोड्या असतील तर करा. सगळ्या बुडाच्या सांध्यांना लाटा असतील तर मजुरी फार वाढेल.

चेसिस सरळ आहे का?

वाकलेल्या चेसिसवर चांगली बॉडीही नीट बसत नाही, आणि बॉडी बसत नाही म्हणून दोष बॉडीला दिला जातो. गाडी सपाट कोब्यावर उभी करा. पुढच्या-मागच्या कमानपाट्यांच्या चारही टोकांच्या पिनांपासून ओळंबा सोडा आणि जमिनीवर खडूनं खुणा करा. गाडी बाजूला ढकला आणि खुणांमधले कर्ण मोजा. दोन कर्णांत पाच-सहा मिलिमीटरच्या आतला फरक मी चालवून घेतो. त्याहून जास्त असेल तर आधी चेसिसचं काम, बॉडीचा विषय नंतर. सोबत चेसिसचा मागचा आडवा दांडा (क्रॉस मेंबर), पाटे लटकतात ते हँगर आणि स्टिअरिंग बॉक्सची जागा तडे आहेत का म्हणून तार ब्रशनं घासून पाहा. शेतात ट्रॉली ओढलेल्या जीपना मागच्या आडव्या दांड्याला हमखास तडा असतो.

निवड

लाल फक्त कातडीला आहे: दुरुस्त करा. इथे नवी बॉडी घेणं मला सरळ नासधूस वाटते.

फ्लोअर पुष्कळ गेला आहे, पण चॅनल आणि बोल्टच्या जागा शाबूत आहेत, किंवा एकाच बाजूच्या गेल्या आहेत: बाजू, काऊल आणि मागचा भाग मूळचा ठेवून फ्लोअर आणि त्या चॅनल नव्यानं बनवून घ्या. नाशिककरांना हा मधला मार्ग जेवढा सोपा आहे तेवढा फार कमी शहरांत असेल. सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीत वाहन कंपन्यांना आणि इलेक्ट्रिकल पॅनेलवाल्यांना माल देणारी शीट मेटलची छोटी युनिट भरपूर आहेत. कटिंग, बेंडिंगचं जॉबवर्क तिथे मिळतं. जुन्या चॅनलचा एक शाबूत तुकडा नमुना म्हणून न्या, पुठ्ठ्यावर माप काढून न्या, एका वेळी सगळे भाग सांगा. एका नगासाठी सगळेच मशिन थांबवत नाहीत, पण महिन्याच्या सुरुवातीला, कामाचा रेटा कमी असताना विचारलं तर बहुधा होकार मिळतो.

दोन्ही बाजूंच्या चॅनल, फायरवॉलचं बूड आणि मागचे कोपरे असं सगळं एकदम गेलं आहे: नवा टब (फ्लोअर, बाजू आणि फायरवॉल मिळून होणारा बॉडीचा मुख्य भाग) घ्या. पण तेवढाच घ्या. बॉनेट, जाळी, पुढची मडगार्ड, काचेची चौकट, मागचं झाकण हे सगळं बोल्टनं लागणारं आहे, त्यातलं चांगलं ते जुनंच वापरा. सीजे-३बीच्या बाबतीत तर हे आवश्यकच आहे. तिचं हरिकेन इंजिन उंच म्हणून बॉनेट आणि जाळी उंच, ती दुसऱ्या मॉडेलची बसत नाहीत. नवा टब सांगताना मॉडेल आणि चाकांमधलं अंतर नक्की सांगा, सीजे-३बीचं ते ८० इंच आहे. टब ताब्यात घेताना व्हर्नियरनं पत्र्याची जाडी मोजा. १.२ मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर घेऊ नका, आणि खालच्या चॅनल त्याहून जाड हव्यात. वरून रंगवलेला टब नको, नुसत्या प्रायमरमधला मागवा, म्हणजे सांधे दिसतात.

खर्चाची तुलना करताना बहुतेकांची एक गफलत होते. दुरुस्तीच्या आकड्यात रंग, सीलंट, वायरिंग, रबरं सगळं धरतात आणि नव्या बॉडीच्या समोर फक्त बॉडीची किंमत मांडतात. रंग, सीलंट, वायरिंग, रबरं दोन्हीकडे सारखीच लागणार आहेत. तुलना फक्त पत्र्याच्या कामाची करा: एकीकडे माल आणि मजुरी, दुसरीकडे बॉडी, ट्रकभाडं आणि ती चेसिसवर बसवण्याचे दिवस. बसवायलाही वेळ लागतो, भोकं जुळत नाहीत. मालाचं म्हणाल तर तो स्वस्तच असतो: ८ बाय ४ फुटांची १.२ मिलिमीटरची एक सीआरसी (साधा कोल्ड रोल्ड पोलादी पत्रा) शीट साधारण २८ किलो भरते आणि दोन शीटमध्ये बहुतेक जीपचं काम होतं. सगळा खेळ मजुरीचा. माझं स्वतःचं मत सांगायचं तर दुरुस्तीचा खर्च नव्या बॉडीच्या दीडपटीपर्यंत जात असला तरी मी मूळ बॉडीच ठेवेन. कारखान्यात दाबलेल्या खाचा, मूळ जाडी, दारापाशी बसलेली बरोबर फट हे नव्यात मिळत नाही.

मिस्त्रीशी बोलणं

नकाशाचे फोटो घेऊन दोन-तीन ठिकाणी जा. "किती घ्याल?" हा पहिला प्रश्न नको. आधी विचारा: कुठल्या पद्धतीनं जोडणार, तुकडा वर ठेवून की कडेला कड मिळवून, आणि आतल्या बाजूला काय लावणार? जो माणूस उत्तर देण्याआधी गाडीखाली शिरेल त्याला काम द्या.

पत्र्याचं काम ठेक्यानं देऊ नये, असं मी आग्रहानं सांगेन. ठेक्यात प्रत्येक नव्या सापडलेल्या भोकाचं नुकसान मिस्त्रीचं होतं, मग ते भोक लांबीखाली जातं. यात माणूस वाईट असतो असं नाही, व्यवहारच तसा आहे. पत्र्याला रोजावर ठेवा, रंगाला ठेका द्या. आणि एकच अट घाला: मी येऊन पाहिल्याशिवाय प्रायमर मारायचा नाही. नकाशावरून निघालेल्या अंदाजाला वर एक तृतीयांश रक्कम राखून ठेवा, कापल्यावर लाल वाढतंच.

काम होताना काय पाहायचं

फ्लोअर किंवा चॅनल कापण्याआधी दारांच्या उघडीला आडवे पाइप टाके मारून आधार द्यायला सांगा. बॉडी चेसिसवरच, बोल्ट कसलेली असू द्या. एक बाजू कापून, जोडून झाल्यावरच दुसरी. दोन्ही बाजू एकदम कापल्या तर टब कुठे झुकेल सांगता येत नाही.

जोडणी सीओटू (मिग) वेल्डिंगनं व्हावी. गॅसच्या ज्योतीनं पातळ पत्रा तापून ओढला जातो आणि लाटा येतात. पितळेनं केलेलं जोडकाम जुन्या जीपवर सर्रास दिसतं, ते पूर्ण कापून काढा, कारण पितळ लागलेल्या जागी सीओटूचा टाका धरत नाही. टाके अंतरानं, जागा बदलत मारायचे, मध्ये पत्रा गार होऊ द्यायचा. बाहेरून दिसणाऱ्या पॅनेलला कड कडेला मिळवून जोड हवा. तुकडा वर ठेवून जोडला तर दोन पत्र्यांच्या फटीत पाणी बसतं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. कुणी जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा सुचवला तर नको म्हणा. त्यावरच्या जस्ताचा धूर वेल्डरला ताप आणतो आणि टाक्यात बुडबुडे राहतात. साधा सीआरसी घ्या आणि नीट रंगवा.

गंज मारायचं फॉस्फोरिक ॲसिडचं औषध पिवळ्या रेघेपुरतंच आहे. सुटणाऱ्या थरांवर ते मारून काही होत नाही. आणि गंजावर थेट डांबरी कोटिंग चोपडणं सर्वात वाईट, ते ओल आत कोंडून ठेवतं आणि सडणं दिसूही देत नाही. क्रम असा: उघडा पत्रा, इपॉक्सी प्रायमर, सांध्यांना सीलंट, मग रंग, आणि खालच्या बाजूला सगळ्यात शेवटी कोटिंग. चॅनल बंद करण्याआधी आतून प्रायमर मारलाय ना ते स्वतः पाहा, नंतर तिथे ब्रश जात नाही. जुना रंग घासताना मास्क लावायला सांगा, त्यात शिसं असू शकतं.

काम ऑक्टोबरनंतर सुरू करा आणि मे संपायच्या आत रंग उरका. पावसाळ्यात उघडा सीआरसी पत्रा एका रात्रीत तांबूस होतो.

गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी, सीट बसवण्याआधी, हूड चढवून वरून पाइपानं दहा मिनिटं पाणी मारायला लावा आणि आत बसून पाहा. काचेच्या चौकटीच्या बुडाशी, काऊलच्या कोपऱ्यात, मागच्या झाकणापाशी बॅटरी मारा. फ्लोअरची पाणी निघायची भोकं मोकळी आहेत का ते तेव्हाच समजतं, रंगवाले ती बहुधा बुजवून टाकतात. भोकं मोकळी करून त्यांच्या कडांना पुन्हा प्रायमर लावून घ्या. रबरी मॅट चिकटवू नका, नुसती अंथरा. पहिला पावसाळा उलटला की मॅट उचला, चाकांच्या कमानींत हात घालून चिखल काढा आणि सगळ्या जोडांवरून बोट फिरवा. रंगाला कुठे बारीक फोड आलेला लागला तर तो त्याच आठवड्यात खरवडून प्रायमर मारा.